अभंग, पेटी आणि पापांगीकार

ख्रिस्ती उपासनेत गायनाला मोठा मान आहे, पण तो मान बिनशर्त नाही. स्तोत्रसंहितेची दीडशे गीते म्हणजे बायबलमधला एक स्वतंत्र गीतग्रंथच. त्यातल्या शेवटच्या गीतात रणशिंगापासून झांजांपर्यंत सगळी वाद्ये देवाच्या स्तुतीला बोलावली आहेत. त्याच ग्रंथातले चोविसावे गीत मात्र आधी दारावर अडवते. परमेश्वराच्या डोंगरावर कोणी चढावे, असा त्याचा प्रश्न आहे, आणि ज्याचे हात स्वच्छ व मन निर्मळ असेल त्यानेच, असे त्याचे उत्तर आहे. एक्कावन्नावे गीत दावीद राजाच्या पश्चात्तापाचे मानले जाते. त्यात शुद्ध हृदय मिळवण्याची नव्हे, ते देवाने नव्याने घडवण्याची विनवणी आहे, आणि ओठांवर स्तुती येते ती त्यानंतर. गाणे आणि गाणाऱ्याचे मन यांचा हा हिशेब बायबलमध्ये पुन्हा पुन्हा मांडलेला दिसतो.

सर्वांत कठोर बोल आमोस संदेष्ट्याचे. इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकात, गरिबांना नाडून थाटात सण साजरे करणाऱ्यांना त्याने बजावले की, देवाला तुमच्या गाण्यांचा गोंगाट नको, वीणेचा नाद नको, न्याय हवा. येशूने डोंगरावरच्या प्रवचनात अंतःकरणाने शुद्ध असलेल्यांना देवदर्शनाचे आश्वासन दिले. वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्याला भावाशी असलेले भांडण आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करून यावे, असेही त्याने सांगितले. अखेरच्या भोजनानंतर शिष्यांसह तो गीत गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे गेला, अशी नोंद मार्क व मत्तय या दोन्ही शुभवर्तमानांत आहे. पौलाने इफिस आणि कलस्सै इथल्या मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांत स्तोत्रे व गीते गायला सांगितले, पण गाण्याची जागा अंतःकरण ही ठरवून दिली.

पुढच्या शतकांत ही अट वेगवेगळ्या टोकांना ताणली गेली. संत ऑगस्टीनने 'कन्फेशन्स'च्या दहाव्या भागात कबूल केले आहे की, गाण्यातल्या अर्थापेक्षा गळाच मन हलवतो तेव्हा आपल्याला अपराधी वाटते. तरीही दुबळ्या मनांना गाण्याचा आधार मिळतो म्हणून त्याने चर्चमधले गायन मान्य केले. सोळाव्या शतकात झ्युरिकच्या झ्विंग्लीने उपासनेतून संगीत पार हद्दपार केले. कॅल्विनने वाद्याविना एकसुरी स्तोत्रगायन ठेवले. मार्टिन लूथरने मात्र लोकांच्या जर्मन भाषेत गीते रचून ती साऱ्या मंडळीच्या तोंडी दिली. युरोपातला हा वाद महाराष्ट्रात त्याच रूपात आला नाही. इथे 'गावे की नाही' हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. प्रश्न पडला तो कोणत्या चालीत गावे हा, आणि त्याच्या आडून, कोणाच्या मनाने गावे हा.

हे समजून घ्यायला भिगवणच्या आसपासचा मुलूख सोयीचा आहे. 1858 साली पुण्याहून निघालेला लोहमार्ग भिगवणशेजारच्या डिकसळपर्यंत पोहोचला. उजनीच्या जलाशयातल्या रोहित पक्ष्यांसाठी आज लोक या गावांकडे येतात, पण मिशनांचा इतिहास याच रुळांच्या दोन्ही अंगांना पसरला आहे. दौंडच्या पश्चिमेला याच मार्गावर पंडिता रमाबाईंचे केडगाव आहे, पूर्वेला भिगवण. दौंडहून उत्तरेकडे फुटणारा फाटा अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला जातो, आणि मराठी ख्रिस्ती गीतांचे माहेर ते शहर आहे. दक्षिणेला बारामती आणि इंदापूर. तुकोबांची पालखी दर आषाढात बारामती, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते. बेलवाडीला गोल रिंगण होते. या भागातल्या माणसाचा कान टाळ-मृदंगावर तयार होतो, मग त्याचे घर कोणत्याही धर्माचे असो. भक्ती म्हणजे दहाजणांनी मिळून गाणे, आणि मन मळलेले असेल तर ते गाणे फुकट, हे दोन्ही धडे इथल्या माणसाला उपदेशक येण्याआधीच पाठ होते.

मराठी छंदात ख्रिस्ती कथा आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न मात्र इथून दूर, गोव्यात झाला. इंग्लंडातून आलेले जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 साली रायतूरला छापले गेले, आणि 1649 व 1654 मध्ये पुन्हा. ते ओवीत आहे. धर्म बदललेल्या लोकांची पुराणश्रवणाची सवय सुटली होती. ती जागा भरावी हा त्यामागचा हेतू होता, आणि गोव्यातल्या चर्चांमधून ते वाचले-गायले जाई. देशावरच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा या परंपरेशी थेट धागा जुळला नाही. त्यांना तोच शोध दोन शतकांनी नव्याने लावावा लागला.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 मध्ये मुंबईत उतरले आणि 1831 मध्ये त्यांनी अहमदनगरला ठाणे दिले. त्यांच्या सामानात इंग्रजी गीतांच्या चाली होत्या. हेन्री बॅलन्टाइन 1835 पासून तीस वर्षे नगरला राहिले आणि त्यांनी गीते भाषांतरित केली, रचलीही. या पहिल्या पिढीच्या गीतांची अडचण भक्तीची नव्हती, उच्चारांची होती. इंग्रजी चाल ठोक्यावर चालते. कोणत्या अक्षरावर जोर द्यायचा हे ती आधीच ठरवून टाकते. मराठीत तसा जोर नसतो, ऱ्हस्व-दीर्घाचे वजन असते. त्यामुळे चालीचा लांब सूर नेमका एखाद्या प्रत्ययावर येऊन बसे आणि अर्थाचा शब्द घाईत उरकला जाई. शिवाय ती गीते छापील पुस्तकातून गायची. मंडळीत अक्षरओळख असलेले थोडे, म्हणून गाणारे थोडे आणि ऐकणारे जास्त अशी विभागणी आपोआप झाली. ज्या धर्माने सर्वांना एका पंगतीत बसवायचे ठरवले होते, त्याच्या उपासनेत ही नवी उतरंड शोभण्यासारखी नव्हती.

कोंडी फुटली ती कीर्तनाने. नगरच्या मंडळीतले कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती कीर्तनाला रूप दिले. नमन, पूर्वरंगात मूळ वचनाचे निरूपण, उत्तररंगात आख्यान, मागे टाळकऱ्यांची साथ, मध्ये साकी, दिंडी, ओवी, पदे असा हरिदासी कीर्तनाचा सांगाडा त्यांनी तसाच ठेवला आणि आख्यानाला बायबलमधल्या कथा घेतल्या. उधळ्या पुत्राची गोष्ट कीर्तनासाठीच लिहिली असावी इतकी त्यात चपखल बसते: मुलगा घर सोडतो, पैसा उडवतो, डुकरे राखतो, भानावर येतो, परततो, आणि बाप धावत सामोरा जातो. प्रत्येक वळणाला एक पद ठेवता येते. गावच्या चावडीसमोर किंवा झाडाखाली रात्रीच्या वेळी होणाऱ्या अशा कीर्तनाला ख्रिस्ती नसलेले लोकही बसत, कारण कीर्तनाला बसण्यात कोणाला परकेपणा वाटत नसे. कीर्तनाची एक कडक अटही त्याच्याबरोबर आली. कीर्तनकाराचे वागणे बोलण्याशी जुळलेच पाहिजे, हा दंडक नारदीय परंपरेने आणि वारकऱ्यांनी लोकांच्या मनात मुरवला होता. गळा चांगला आणि वागणूक वाईट असा कीर्तनकार गावात टिकत नाही. पौलाने दोन पत्रांत जे सांगितले, ते मराठी श्रोत्याने असे आपल्या नियमाने लागू केले.

कीर्तन कसबी माणसाचे. अभंग सगळ्यांचा. तो ख्रिस्ती उपासनेच्या मध्यभागी आणला नारायण वामन टिळकांनी. कोकणातल्या करजगावी 1861 मध्ये जन्मलेल्या टिळकांना 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढची दोन दशकांहून अधिक वर्षे त्यांचे कार्यक्षेत्र नगर होते. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायांशी आलो, असे ते सांगत. हा नुसता सौजन्याचा उद्गार नव्हे. त्यांच्या रचनेतच त्याचा पुरावा सापडतो. आरंभी ते वृत्तांत आणि पदांच्या चालींत लिहीत, पुढे अभंगाकडे वळले.

या वळणाचे महत्त्व छंदशास्त्रात आहे. मोठ्या अभंगाच्या कडव्यात चार चरण असतात. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे. लहान अभंगात साधारण आठ-आठ अक्षरांचे दोन चरण. मोजायची ती अक्षरे, मात्रा नव्हेत. म्हणून गाणारा कोणतेही अक्षर लांबवू शकतो, अर्थाच्या शब्दावर थांबू शकतो, आणि इंग्रजी चालीने केलेली ओढाताण नाहीशी होते. चौथा चरण आखूड असल्याने तिथे श्वास मिळतो. टाळ तेवढ्या वेळात सावरतो. ध्रुवपद दोनदा ऐकले की पाठ होते, त्याला पुस्तक लागत नाही. एक जण कडवे म्हणतो, बाकीचे ध्रुवपद उचलतात. निरक्षर बाई आणि सेमिनरीत शिकलेला पाळक या रचनेत एकाच पायरीवर येतात. टिळकांच्या गीतांमध्ये 'मी' वारंवार येतो, आणि तो बहुधा स्वतःची उणीव कबूल करणारा, याचकाचा असतो. शंभर माणसे जेव्हा तो 'मी' एकत्र म्हणतात, तेव्हा पापाची कबुली खासगी राहत नाही आणि चव्हाट्यावरही येत नाही. आत्मनिवेदनपर अभंगाने वारकऱ्यांसाठी शतकानुशतके हेच केले होते.

टिळक 1917 मध्ये मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले. 'देवाचा दरबार' नावाची, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांची बंधुमंडळी जमवण्याची त्यांची खटपट 9 मे 1919 रोजी त्यांच्या मृत्यूने थांबली. अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध काव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रामुळे लक्ष्मीबाईंचे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या या कामाकडे मात्र मराठी वाचकाचे लक्ष कमीच गेले. मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात टिळकांचा वाटा मोठा आहे. पंथ वेगळे, बाप्तिस्म्याच्या रीती वेगळ्या, पण पुस्तक एक, अशी स्थिती मराठी प्रॉटेस्टंटांत या संग्रहाने आणली.

टाळ-मृदंगाच्या चालींबरोबर जुन्या श्रद्धाही परत येतील, ही भीती काही मिशनऱ्यांना होती आणि काही नवख्रिस्ती कुटुंबांनाही. ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. ज्यांनी जुन्या देवळांच्या दाराबाहेर पिढ्या काढल्या होत्या, अशा घरांना पियानोची किंवा ऑर्गनची चाल हीच सुटकेची खूण वाटे. देशी चाल म्हणजे शुद्ध भक्ती आणि विलायती चाल म्हणजे नक्कल, अशी सरळ वाटणी करणारे लेखक हा भाग सोडून देतात.

भिगवणच्या सर्वांत जवळचे आणि सर्वांत ठळक उदाहरण केडगावचे. पंडिता रमाबाईंचे बालपण पुराणे ऐकत आणि सांगत गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थोतीर्थी पुराण सांगून कुटुंब पोसत, आणि रमाबाई त्याच शिस्तीत भागवत पाठ करून वाढल्या. म्हणजे श्रोत्यांसमोर धर्मग्रंथ सुरात म्हणणे हा त्यांच्या घरचा व्यवसायच होता. त्याच भटकंतीत, दुष्काळाच्या दिवसांत, आईवडील गेले. पाठांतर, कंठ आणि पुण्य यांची सांगड पोटासाठी कशी घातली जाते, हे त्यांनी आतून पाहिले होते. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले, ते पुढच्या वर्षी पुण्यास हलवले. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो मुली-बायकांसाठी केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. 1900 च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथली संख्या आणखी कितीतरी वाढली.

1904 मध्ये वेल्समध्ये धार्मिक जागृतीची लाट उसळली होती, आणि ती मुख्यतः गाण्यातून पसरली. पुढच्या वर्षी वेल्श मिशनऱ्यांच्या खासी टेकड्यांत तिचे पडसाद उमटले. केडगावात रमाबाईंनी 1905 च्या आरंभी मुलींचे प्रार्थनागट बांधले. काही महिन्यांत शेकडो जणी रोज जमू लागल्या. जूनअखेरीस जे सुरू झाले त्याचा पहिला टप्पा संगीताचा नव्हता, रडण्याचा होता. मुली मोठ्याने आपले अपराध कबूल करू लागल्या, एकमेकींची क्षमा मागू लागल्या. सगळ्या एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत. वर्ग बंद पडले. गाणे, टाळ्या, हसणे, नाचणे हे सारे त्या कबुलीनंतर आले. एक्कावन्नाव्या गीतातला क्रम तिथे, बहुधा कोणी ठरवून न आणता, जसाच्या तसा उतरला होता.

या गलक्यावर टीका झाली. शांत, आखीव उपासनेची सवय असलेल्यांना हा भावनांचा अतिरेक वाटला. रमाबाईंनी 'मुक्ती प्रेअर बेल' या आपल्या पत्रातून उत्तर दिले. त्याचा आशय असा की, हिंदी माणसांना देवाने जो स्वभाव दिला आहे त्याला धरूनच त्यांच्यात जागृती येऊ द्यावी. पाश्चात्त्य शिष्टाचाराच्या मापाने ती मोजू नये. विशेष असे की, ग्रीक-हिब्रूवरून बायबलचे मराठी भाषांतर करताना हिंदू धर्मविचाराची छटा असलेले शब्द कटाक्षाने टाळणाऱ्या रमाबाईच हे लिहीत होत्या. शब्दांच्या बाबतीत त्या टिळकांपेक्षा कितीतरी सोवळ्या होत्या. भक्तीच्या हावभावांबाबत मात्र त्यांनी देशी स्वभावाला पूर्ण मोकळीक दिली. टिळक आणि रमाबाई या दोघांना एकाच 'भारतीयीकरणा'च्या मथळ्याखाली बसवणे सोयीचे असले तरी बरोबर नाही. टिळकांना मन शुद्ध होण्याची वाट परंपरेच्या शब्दांतून दिसत होती, रमाबाईंना त्या शब्दांपासून तुटण्यातून. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई वारल्या. त्यांचे संपूर्ण बायबल त्यानंतर, 1924 मध्ये प्रसिद्ध झाले.

बारामतीकडे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या 'चर्चेस ऑफ ख्राइस्ट' पंथाचे मिशन आले. हेन्री स्ट्रटन हे त्याचे आरंभीचे मिशनरी. पुढे श्रीगोंदे आणि दौंड इथेही कामे उभी राहिली. हा पंथ प्रौढांना पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतो आणि प्रभुभोजन दर रविवारी घेतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने बजावले आहे की, भाकर आणि प्याला घेण्याआधी प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी. प्रभुभोजन महिन्यातून एकदा असेल तर ही परीक्षा महिन्याला होते, दर रविवारी असेल तर दर आठवड्याला. अशा उपासनेत मेजाजवळ म्हटले जाणारे गीत संथ, अंतर्मुख असते, आणि टाळ बहुधा बाजूला ठेवला जातो. पुण्यात 1920 च्या दशकाअखेर स्थिरावलेल्या अँग्लिकन 'ख्रिस्त प्रेम सेवा संघा'च्या आश्रमातही गाणे आणि मन यांचा मेळ वेगळ्या तऱ्हेने साधण्याचा प्रयत्न झाला. त्याचे संस्थापक जॅक विन्स्लो यांनीच 1923 मध्ये टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले.

आज मराठी मंडळ्यांत रविवारच्या उपासनेचा क्रम थोड्याफार फरकाने असा असतो: आवाहन, स्तुतिगीत, पापांगीकार म्हणजे पापांची कबुली आणि क्षमेचे वचन, शास्त्रपाठ, गीत, संदेश, अर्पण, प्रार्थना, आशीर्वाद. स्तुतिगीत पापांगीकाराच्या आधी येते, हे वर सांगितलेल्या नियमाला सोडून वाटेल. पण पहिल्या गीताचे काम माणसे गोळा करणे, बाहेरची धांदल बाहेर ठेवणे हे आहे; कबुलीनंतरचे गीत हे खरे उत्तर. अनुभवी पाळक या दोन जागी एकाच जातीचे गीत कधी निवडत नाहीत. पापांगीकार सर्वांनी मिळून म्हणायचा ठरलेला मजकूर असेल तर तो तोंडपाठ होऊन निसटतो, आणि मोकळ्या प्रार्थनेवर सोडला तर दोन-तीन सराईत माणसेच बोलतात. म्हणून काही ठिकाणी तो अभंगातूनच म्हणतात.

वाद्यांत पेटीचे राज्य आहे. पायपेटी युरोपातली, हातपेटीला कोलकात्यात रूप आले आणि ती मिशनरी, भजनी मंडळ, संगीत नाटक अशा सगळ्यांच्या कामी आली. सोबत तबला किंवा ढोलकी, टाळ, क्वचित मृदंग. नाताळच्या आधी घरोघर गात जाणाऱ्या मंडळींना उचलून नेता येईल अशीच वाद्ये लागतात, म्हणून ऑर्गन शहरातल्या जुन्या चर्चमध्ये राहिला आणि पेटी गावात गेली. कॅथलिक उपासनेत देशी भाषा आणि चाली उशिरा आल्या. मिस्सा लॅटिनमधून चाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी काढलेल्या उपासनाविषयक घटनेने लोकभाषेला वाट दिली आणि ज्या देशांत स्वतःची संगीतपरंपरा आहे तिथे तिला उपासनेत योग्य स्थान द्यावे, असे स्पष्ट सांगितले. टिळकांचे काम त्याआधी चार दशकांहून अधिक काळ झालेले होते.

अलीकडे तरुण संघांनी कीबोर्ड, गिटार, ड्रम आणि माईक आणले. हिंदी गीते आणि इंग्रजीवरून केलेली गीते वाढली. जुन्या लोकांची तक्रार आवाजाची असते, पण खरा बदल निराळाच आहे. व्यासपीठावरची वर्शिप टीम गाते, मंडळी ऐकते किंवा गुणगुणते. बॅलन्टाइनच्या काळातली गाणारे-ऐकणारे ही विभागणी दुसऱ्या वाटेने परत येते. गाणारा समोर उभा राहिला की ऑगस्टीनची काळजीही परत येते, आता ती गाणाऱ्याच्या बाजूने. काही पाळक गायन मंडळाला सरावाआधी प्रार्थनेला बसवतात. आपापसात बोलणे बंद असलेल्या दोघांना समेट होईपर्यंत एकत्र उभे करत नाहीत.

तांत्रिक फरकही आहे. मोबाइलवर लावलेल्या ट्रॅकची लय आणि लांबी आधीच ठरलेली असते. पेटीवाला आणि अभंग सांगणारा समोरच्या माणसांकडे बघत असतात; ध्रुवपद नुसते तोंडाने म्हटले जात आहे असे दिसले की लय उतरवतात, ते आणखी दोनदा घोळवतात किंवा टाळ थांबवून नुसत्या गळ्यांनी म्हणायला लावतात. ट्रॅकवर गाताना ही सोय नसते, आणि म्हणून पेटीवाला म्हातारा झाला की नवा शोधण्याची खटपट मंडळीला करावी लागते.